तीन चुलींच्या कॅप्सूल

माझ्या सासूबाई म्हणायच्या, "हिच्या हातावर देवळातला प्रसाद ठेवला तरी ही आधी एक्सपायरी बघेल." त्या हे कौतुकानं म्हणत नसत, पण मी मात्र ते कौतुक म्हणूनच घेतलं. सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईला भोळा स्वभाव परवडत नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात माझ्याकडे एक खोकं आलं. वर लिहिलं होतं तापाच्या गोळ्या आणि आत निघालं खरजेचं मलम. मी सही करून मोकळी झाले होते. पुढे कितीतरी महिने मला त्या मलमाचा जबाब द्यावा लागला. तेव्हापासून मी खोकं फोडल्याशिवाय सही करत नाही, आणेल तो ड्रायव्हर कितीही घाईत असो.

आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र जळगाव जिल्ह्याच्या टोकाला आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी. पश्चिमेला अनेर नदी आणि नदीपलीकडे धुळे जिल्हा. पावसाळा सोडला तर बायका डोक्यावर मोळी घेऊन पात्रातून चालत पलीकडे जातात. इकडच्या पाड्यांवरच्या कितीतरी सुनांची माहेरं तिकडची आहेत. दळायला इकडे, बाजाराला तिकडे, लग्नाला दोन्हीकडे. जिल्हा कुठे बदलतो याचा त्यांना पत्ताही नसतो. आम्हाला असतो, कारण आमचे कागद तिथे संपतात.

पूर्वी दोन्ही जिल्ह्यांची औषधं विभागाच्या एकाच गोदामातून यायची. काय हवंय ते कुणी विचारायचं नाही. येईल ते उतरवून घ्यायचं. मग खरेदी जिल्ह्यांच्या हाती आली. थोडी आमच्या केंद्राच्या समितीकडेही आली. ज्याला गरज कळते त्यानंच मागवावं, हे मला पटलं होतं आणि अजूनही पटतं. पण एक गोष्ट मला आधी दिसली नव्हती. वरून आलेला माल सगळ्यांचा असायचा, आपण मागवलेला माल आपला झाला. आणि आपला झाला की माणूस त्याच्यावर हात ठेवून बसतो. शेजारच्या केंद्राला फोन करून विचारलं, "अमुक शिल्लक आहे का?" तर उत्तर ठरलेलं, "अहो, आमच्याकडेच नाही." मला माहीत असायचं की आहे. मला विचारलं की मीही तेच सांगायचे, आणि समोरच्यालाही माहीत असायचं. अशा कामात दिवसभर बसलं की घरी गेल्यावर नवऱ्यानं "चहात साखर टाकली" म्हटलं तरी एक घोट घेऊन खात्री करावीशी वाटते.

तर त्या दिवसांतली ही गोष्ट. आमच्या खिडकीवर दर महिन्याला एक बाई यायची, सोबत तिची आठ-नऊ वर्षांची पोर. पाडा आमच्याच हद्दीतला. पोरीला सिकलसेल होता. ज्याला हा आजार असतो त्याला आमच्याकडे लाल कार्ड देतात, ते तिच्या आईनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून जपलेलं असायचं. या आजारात दुखण्याचे झटके येतात. हाडं आतून कुणी पिळतंय असं दुखतं, असं पोरं सांगतात. त्यावर रोज एक कॅप्सूल घ्यायची असते. नेमानं घेतली तर झटके कमी होतात. साधं औषध नाही ते. मधूनमधून रक्त तपासावं लागतं आणि डोस कमीजास्त झालेला चालत नाही. जिल्ह्यानं ते मोजक्या रुग्णांपुरतंच मागवलेलं होतं, आणि आमच्या केंद्रात त्याचा रुग्ण एकच होता, ही पोर.

पोर गोड होती. खिडकीच्या गजांतून हात घालून माझा शिक्का उचलायची आणि स्वतःच्या मनगटावर मारून घ्यायची. मी रागवायचे, पण शिक्का मुद्दाम गजांजवळच ठेवायचे. हिवाळा लागला तसे तिचे झटके वाढले. आई तिला पाठुंगळी घेऊन यायची.

"रातभर हाडे दुखनात तिना, अक्का. निस्ती रडे."

"कॅप्सूल रोज देतेस ना?"

"देस ना."

"रोज?"

"रोजच देस, अक्का."

हे म्हणताना तिनं पोरीच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

पण आधी संशय औषधावर घेतला. तो माझा क्रम आहे: आधी माल, मग गाडी, मग माणूस. पुरवठादार नवा होता, दर कमी होता, म्हणून मला तो आधीपासूनच आवडत नव्हता. मी पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या, कॅप्सूल दाबून पाहिल्या, छपाई नखानं खरवडून पाहिली. आमचे डॉक्टर नुकतेच लागलेले, माझ्या मुलाच्या वयाचे. ते म्हणाले, "मॅडम, नखानं काय कळणार? नमुना तपासायला पाठवू." पाठवला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की औषध उत्तम आहे. ते उत्तर वाचून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, तपासणाऱ्यांनी तरी नीट पाहिलं असेल का?

मग एके दुपारी फोन आला. नदीपलीकडच्या केंद्रातला औषध निर्माण अधिकारी माझा वर्गमित्र. धुळ्याला देवपुरात आम्ही एकाच कॉलेजात शिकलो, प्रॅक्टिकलला एकाच टेबलावर असायचो. तेव्हाही तो माझ्या वहीत डोकावायचा आणि मी वहीवर हात ठेवायचे.

"तुमच्याकडची एक लाल कार्डवाली बाई आमच्याकडूनही औषध नेते, माहीत आहे का तुला?"

"कशावरून?"

"कार्ड आमचं दाखवते, माहेरच्या पत्त्याचं. पोर आजीकडे असताना तिकडच्या शाळेत तपासणी झाली होती, तेव्हा दिलेलं. पण काल तिच्या पिशवीतून पट्टी पडली, त्यावर जळगावचा शिक्का. विक्रीसाठी नाही, म्हणून मारता ना तुम्ही, तो."

एक पोर, दोन कार्डं, दोन जिल्हे, दुप्पट औषध, आणि तरीही झटके. कुठंतरी पाणी मुरत होतं आणि कुठं ते मला आता स्वच्छ दिसलं. बाई औषध विकत होती. हे औषध बाहेर मोठ्या दुकानांत मिळतं, दुसऱ्याही मोठ्या आजारांवर लागतं, त्याला गिऱ्हाईक असणार. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी डबा खाल्ला नाही. पोटच्या पोरीचं औषध विकते म्हणजे काय!

त्यानंतर मला सगळीकडे पुरावेच दिसायला लागले. तिच्या पायांत जोडवी नवी होती. पोरीच्या कानात लाल खड्याचे डूल आले होते. एकदा तिच्याकडे मोबाइल दिसला. आता जत्रेत मिळणारे डूल आणि कुणाचा तरी मागून आणलेला मोबाइल यात काय एवढं, पण मी मनातल्या मनात तिला पोलिसांपुढे उभी करून झाले होते.

वर्गमित्र म्हणाला, "तिला बोलावून सरळ विचार." मी म्हटलं, विचारलं की सावध होईल. मी तिचा माग काढायचं ठरवलं. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी सुट्टी काढली, डोक्यावरून ओढणी घेतली, डोळ्यांवर नवऱ्याचा गॉगल लावला आणि बाजारात उभी राहिले. भज्यांच्या गाडीवाल्यानं लगेच हाक मारली, "काय मॅडम, आज इकडे?" तरी मी नेट सोडला नाही. बाई आली. मिरच्या घेतल्या, सुकट घेतली, बांगडीवाल्याशी बोलली आणि सरळ मेडिकलच्या दुकानात शिरली. खरं सांगते, मला आनंद झाला. आपण बरोबर होतो याचा आनंद फार वाईट असतो. ती बाहेर आली आणि लांब गेली तशी मी आत घुसले.

"आत्ता ती बाई काय देऊन गेली?"

"देऊन?" दुकानदार माझ्या गॉगलकडे बघत राहिला. "बाम घेऊन गेली. दर बाजाराला नेते. पोरीचे पाय चोळायला लागतो म्हणते."

मी बाहेर आले आणि भजी घेतली. भजी खाता खाता माझ्या मनात आलं, हा दुकानदारही तिला सामील असला तर?

शेवटी मी पाड्यावरच जायचं ठरवलं. न सांगता, अमावास्येला. त्या बाजूला अमावास्येला कुणी बैल जुंपत नाही, त्यामुळे खालच्या केळीच्या बागांत मजुरीला जाणाऱ्या बायकाही घरी सापडतात. स्कूटर रस्त्याला लावून मी चढावरून चालत गेले. दुपार होती. एका मोहाच्या झाडाखाली एकीला एक लागून तीन झोपड्या, प्रत्येकीपुढे चूल. मी कुडाच्या आडून पुढे झाले आणि थांबले.

अंगणात तीन पोरं ओळीनं बसली होती. एक आमची लाल कार्डवाली. तिच्या शेजारी एक किडकिडीत पोरगा, डोळे पिवळसर. पलीकडे एक छोटी मुलगी. बाई त्यांच्यासमोर उकिडवी बसली होती. तिच्यापुढे पळसाचं पान होतं. तिनं एक कॅप्सूल घेतली, दोन्ही टोकं ओढून उघडली आणि आतली पूड पानावर ओतली. मग दुसरी उघडली. पूड एकत्र केली आणि बोटानं तिचे तीन वाटे केले. एक वाटा जरा मोठा दिसला तर त्यातलं चिमूटभर दुसऱ्यात ढकललं. पुन्हा बघितलं, पुन्हा ढकललं. सोनार सोनं तोलतो तसं चाललं होतं तिचं. मग तिनं प्रत्येक वाट्यावर गुळाचा खडा ठेवला. आधी शेजारच्या छोट्या मुलीनं घेतला. मग पोरग्यानं. शेवटी जो उरला तो तिच्या पोरीनं.

त्या पाड्यांवरची रीत मला माहीत होती, नव्हती असं नाही. नदीत मासे मिळाले, मधाचं पोळं काढलं, बोकड कापला, काहीही आलं तरी चुलीगणिक वाटे पडतात, आणि जो वाटतो तो शेवटचा उरलेला वाटा घेतो. म्हणजे वाटणाऱ्याच्या हाताला खोट राहत नाही. मी तिथे जेवलेही होते त्या वाट्यातलं. पण सरकारी कॅप्सूलचे वाटे पडतील हे माझ्या संशयी डोक्यातही कधी आलं नव्हतं.

पहिलं मला हायसं वाटलं. ही चोर नाही. आणि लगेच दुसरं, की मग मी चुकले. ते मात्र मला आवडलं नाही, आणि त्याचा राग मी तिच्यावर काढला. मी पुढे होऊन ते पानच उचललं.

"काय करतेस काय हे? विष आहे का गूळ? ही पूड हातानं शिवायचीसुद्धा नसते! आणि या दोघांना कुणी सांगितलंय हे द्यायला?"

ती दचकून उभी राहिली. बाजूच्या झोपडीतून पोरग्याची आई बाहेर आली. ती हिची जाऊ. तिसऱ्या झोपडीच्या दारात छोट्या मुलीची आई येऊन उभी राहिली.

"या बठ्ठास्ले दुखस, अक्का," बाई म्हणाली. "तिन्ही पोरेस्ना हात-पाय तसाच दुखतस. मग एकलीलेच कशी देऊ? पहिले तुनी दिधेल एकच कॅप्सूल वाटू. ते पुरे नही. म्हनीसन पलीकडे गऊ."

म्हणजे सुरुवातीला एका कॅप्सूलचे तीन वाटे व्हायचे. पुरेनात म्हणून ती माहेरचं कार्ड शोधून नदी ओलांडून गेली, तेव्हा दोनाचे तीन होऊ लागले. तेवढ्यानं तिला वाटलं की आता सगळ्यांचं भागतंय. मी तिला तिथेच बसवून समजावलं. दुसऱ्या दोघांची रक्ततपासणी झालेली नाही. त्यांना हा आजार असेल, नसेल. नसेल तर हे औषध त्यांना बाधेल. आणि तुझ्या पोरीला अर्धवट डोसानं काही होत नाही म्हणून तर ती रात्रभर रडते. तिघांना थोडं थोडं म्हणजे तिघांनाही काही नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग जावेकडे बघितलं, पोरांकडे बघितलं आणि मला विचारलं, "मग तूच सांग अक्का, कोन्ले देऊ नको?"

मी म्हटलं, "तुझ्या पोरीला दे. पुरी कॅप्सूल, रोज. या दोघांचं मी बघते."

सगळ्यांसमोर म्हटलं मी ते. जाऊ दारातून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गमित्राला फोन केला. काय घडलं ते सांगितलं. तो बराच वेळ हसला. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की हे बंद करायचं. एक रुग्ण, एक केंद्र. तिचं तिकडचं कार्ड त्यानं काढून घ्यायचं. आणि यापुढे लाल कार्डाचं औषध राहता पत्ता आपल्या जिल्ह्याचा असल्याशिवाय द्यायचं नाही, आधार बघायचा, माहेर-सासर चालणार नाही. हे मीच सुचवलं. तो म्हणाला, "एवढं कडक कशाला? आमच्याकडे हे औषध भरपूर आहे. आमच्या जिल्ह्यानं मोठी मागणी केली होती." मी म्हटलं, आज ही आली, उद्या खरंच विकणारा येईल. तेव्हा त्याला पटलं. त्यानं लगेच आपल्या वरिष्ठांना कळवलं आणि त्यांच्या जिल्ह्यात तो नियमच झाला. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी. एक गळती मी शोधली आणि मी बुजवली, असं.

पोर सुधारली. होळीपर्यंत तिचे झटके जवळजवळ थांबले. शाळेत जायला लागली. खिडकीवर आली की माझ्याकडून शिक्का हिसकून घ्यायची आणि आता दोन्ही मनगटांवर मारायची. डॉक्टर खूश, मी खूश. तिची आई मात्र खिडकीशी आली की औषध घेऊन लगेच निघायची. आधी चार बायकांच्या घोळक्यात यायची, आता एकटी यायला लागली.

"जाऊ नाही आली?" मी एकदा विचारलं.

"ती आते मनासंगे येत नही."

"का?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "त्यास्ले वाटस, माले औषध मियालं आनि मी लपाडी ठेवस. आमनी चूलजोडे कोनी बसत नही आते. पोरबी एकलीच खेयस."

मी म्हटलं, थोडे दिवस जाऊ दे, त्यांची तपासणी झालीय, रिपोर्ट आला की सगळं ठीक होईल. मला तसं खरंच वाटत होतं.

रिपोर्ट आले. छोट्या मुलीला आजार नव्हता, ती फक्त वाहक निघाली. तिला औषधाची गरजच नव्हती. ते वाटे थांबले हे तिच्या भल्याचंच झालं होतं. पोरग्याला मात्र आजार होता. लाल कार्ड. डॉक्टरांनी डोस लिहून दिला आणि चिठ्ठी माझ्याकडे आली.

माझ्याकडे औषध नव्हतं. आमच्या जिल्ह्याची मागणी वर्षाच्या सुरुवातीला गेलेली, तेव्हाच्या रुग्णांपुरती. हा पोरगा तेव्हा यादीत कुठेच नव्हता. मी नवी मागणी पाठवली. मग स्वतः जळगावला गेले, मेहरूणला बहिणीकडे मुक्काम केला आणि सकाळीच जिल्ह्याच्या भांडारात जाऊन बसले. तिथले भाऊ जुने, ओळखीचे. मी त्यांच्या मागेमागे फडताळं बघत फिरले. ते वैतागले. "अहो ताई, तुमच्यापासून लपवून मी कुठे ठेवू? पुढच्या खरेदीत येईल." पुढची खरेदी कधी? निविदा निघाली की. निविदा कधी? त्यांनी खांदे उडवले. समितीचा पैसा विचारला तर तो वर्षअखेर होऊन संपलेला. शेवटी शहरातल्या एका दुकानातून मी माझ्या पदरचे पैसे देऊन एक पट्टी आणली. ती किती दिवस पुरणार? पुरली तेवढी पुरली.

मग वर्गमित्राला फोन केला.

"तुझ्याकडे आहे ना ते?"

"आहे की. पडून आहे. असंच राहिलं तर मुदत जाईल त्याची."

"मग मला दे. उसनं दे. आमचं आलं की परत करते."

"जिल्ह्याबाहेर उसनं देता येत नाही, तुला माहीत आहे. तुमच्या साहेबांचं आमच्या साहेबांना पत्र पाहिजे."

"पत्र दिलंय. ते सहीसाठी साहेबांच्या टेबलावर पडलंय. तोपर्यंत त्या पोरग्यालाच पाठवते तुझ्याकडे, तू दे."

तो मग म्हणाला, "पत्ता कुठला आहे त्याचा?"

पत्ता आमच्याच पाड्याचा. पोरग्याच्या आईचं माहेरही आमच्याच बाजूचं.

"आता मी दिलं तर चौकशी माझी होईल," तो म्हणाला. "नियम माझ्या नावानं निघालाय. तू काय म्हणाली होतीस आठव. आणि खरं सांगू का, मला आता तुझाही भरवसा वाटत नाही. उद्या तूच फोन करून विचारशील, जळगावच्या पोराला कसं दिलंस?"

तो हे गमतीनं म्हणाला असेल. मी फोन ठेवला.

वैशाखातली दुपार होती. ओपीडी संपलेली, व्हरांड्यात कुत्रंही फिरत नव्हतं. मी खिडकी लावायला उठले तर गजांपलीकडे पोरग्याची आई उभी. औषध मागायला ती यापूर्वी कधी आली नव्हती. पट्टी मीच पाड्यावर पोचवली होती. उन्हातून चालत आली होती, पदर घामानं भिजलेला. पोरगा बरोबर नव्हता.

"कुठे आहे तो?"

"निजेल शे. उठता येत नही त्याले. काल रातपाईन आरडी राहिना." तिनं लाल कार्ड गजांतून आत सरकवलं. "दे."

"नाही गं आलेलं अजून. आलं की मी स्वतः..."

"तिना पोरले देस."

"तिचं आधी मागवलेलं होतं. तिचं आहे, तुझं यायचंय. मी जळगावलाही जाऊन आले..."

तिनं माझं बोलणं पुरतं ऐकलं नाही. ती चिडलेली नव्हती. माझ्याकडे निरखून बघत होती, आणि ते बघणं मला ओळखीचं वाटलं. समोरच्याच्या हातात काय आहे, कानात काय आहे, तो नजर का चुकवतोय, हे बघणं. तिनं माझ्या हातातल्या बांगड्या पाहिल्या. टेबलावरचा डबा पाहिला. मग तिनं विचारलं, "तिले देस, माले नही. तिनी तुले काय दिधं?"

आजवर मी कुणाकुणावर संशय घेतला असेल, पण कुणी माझ्यावर घेईल याची मला सवय नव्हती. मला रागावताही येईना. तिच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं, बहुतेक आधीच विचारलं असतं.

मी दार उघडून तिला आत घेतलं. खिडकीच्या आत बाहेरच्या माणसाला घ्यायचं नसतं, तो माझाच दंडक. मी किल्ली काढली आणि कपाटाची दोन्ही दारं उघडली. म्हटलं, "बघ. तुझ्या हातानं बघ."

तिनं बघितलं. अगदी नीट बघितलं, मी बघते तसंच. वरचा खण, खालचा खण, खोक्यांच्या मागे हात घालून, कापसाचे गठ्ठे बाजूला करून. तिच्या जावेच्या पोरीची पट्टी सापडली. ती तिनं हातात घेतली, उलटसुलट केली, आणि मला वाटलं आता ही मागेल. तिनं मागितली नाही. होती तिथेच परत ठेवली. नंतर कपाटाची दारं तिनंच लावली आणि खोलीभर नजर फिरवली. दरवाजामागे, टेबलाखाली, खिडकीबाहेर.

"दुसरं कपाट कोठे शे?" तिनं विचारलं.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबले. दुसरं कपाट होतं. ते अनेरच्या पलीकडे होतं, त्यात तिच्या पोराचं औषध पडून होतं, आणि त्याला कुलूप घालायला मीच सांगितलं होतं.